भोजराजाची डोकेदुखी

आज पदवी घेतलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या रात्रपाळ्यांत डबा घेऊन जागणाऱ्या घरच्यांचंही.

मी देवासची. कान-नाक-घशाची शल्यचिकित्सक. माळव्यात मराठी बोलणारी घरं पवारांच्या काळापासून आहेत. तेव्हा धारला त्यांची एक गादी होती, देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती. या घरांतून भोजराजाच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यातली एक माझ्या विषयाची आहे आणि नव्या डॉक्टरांनी ती नीट ऐकावी असं मला फार वाटतं.

धारचा राजा भोज डोकेदुखीनं हैराण झाला. राज्यातल्या वैद्यांनी सगळे उपाय केले, पण उतार पडेना. शेवटी राजानं प्रधानाला हुकूम दिला: माझ्या राज्यात यापुढे एकही वैद्य ठेवू नका आणि वैद्यकाचे सगळे ग्रंथ नदीत सोडून द्या. स्वर्गात ही बातमी पोचली तेव्हा इंद्रानं अश्विनीकुमारांना ब्राह्मणवेशात धारला धाडलं. त्यांनी राजाला एकांतात नेलं, मोहचूर्णानं बेशुद्ध केलं, कवटी उघडली, आत शिरलेले बारके मासे काढून एका भांड्यात ठेवले, कवटी पुन्हा सांधली आणि राजाला शुद्धीवर आणलं. मग ते भांडं त्यांनी राजापुढे धरलं. हे काय, असं राजानं विचारलं. लहानपणापासून पाण्यानं कपालशोधन करण्याची तुला सवय आहे, त्यातून हे आत गेलं, असं त्यांनी सांगितलं. शेवटी पथ्यही दिलं आणि त्यातली पहिली गोष्ट होती, गार पाण्यानं स्नान करू नकोस.

ही कथा ‘भोजप्रबंधा’त आहे. तो बल्लाळानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचला. भोज अकराव्या शतकातला, म्हणजे मध्ये पाचशे वर्षं गेली. शिवाय त्या ग्रंथात भोजाच्या दरबारी कालिदासही वावरतो आणि पथ्याच्या श्लोकाचा राहिलेला चरण तोच पुरा करतो. तेव्हा ही कथा आहे, केसपेपर नव्हे. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी मेंदूची शस्त्रक्रिया होत होती याचा पुरावा म्हणून ती व्यासपीठांवरून सांगतात, ते मला पटत नाही. नाक आणि मेंदू यांच्यामधल्या हाडाला चाळणीसारखी भोकं असतात. त्यांतून वासाचे तंतू जातात, मासा जाऊ शकत नाही. नाकात काही शिरलं तर ते नाकात किंवा सायनसमध्ये अडकतं.

मला त्या कथेतला वैद्यांना हाकलण्याचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. राजा चिडला तो दुखतंय म्हणून नव्हे. एवढे वैद्य आले आणि दुखण्याचं कारण एकालाही सापडलं नाही, म्हणून तो चिडला. ग्रंथ नदीत टाकायला निघालेला तो रुग्ण आजही आपल्या ओपीडीत येतो. त्याच्या हातात चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर वेगळं अँटिबायोटिक असतं, आणि नाकात कुणी पाहिलेलं नसतं.

माळव्यात सोयाबीन आणि हरभरा घरोघरी. अंगणात वाळत घातलेला दाणा तीन वर्षांच्या मुलानं नाकात घातला, तर ते सांगत नाही. आठवड्याभरानं एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागतो. आई म्हणते सर्दी, डॉक्टरही म्हणतो सर्दी. सर्दी दोन्ही बाजूंनी वाहते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल, तर आत काहीतरी अडकलं आहे असंच धरून चालायचं, ते नाही असं डोळ्यांनी पाहीपर्यंत. आत राहिलेल्या मण्यावर किंवा चिंचोक्यावर वर्षानुवर्षं क्षार बसत जातात आणि नाकात खडा तयार होतो. मोठ्या माणसांत अशी दुर्गंधी आली तर दातांची चौकशी करा. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाशी भिडलेली असतात. दाढ काढताना मुळाचा तुकडा आत सरकतो, कधी बसवलेलं इम्प्लांटही सरकतं.

2017 साली चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात घरकाम करणारी एक बाई आली. रात्री नाकात काही शिरल्याची जाणीव झाली होती, आत वळवळ होत होती, डोळ्यांपाशी आग होत होती. आधी ती इतर ठिकाणी फिरून आली होती. स्टॅन्लीत दुर्बीण घातली तेव्हा कवटीच्या तळापाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये, जिवंत झुरळ दिसलं. ते नाकातूनच बाहेर काढलं. ती आत वळवळतं म्हणून सांगत होती ते शब्दशः खरं होतं. तिला मनाचे खेळ म्हणून गोळी देऊन घरी पाठवणं किती सोपं होतं, याचा विचार करा.

कवटी न उघडता तिथपर्यंत पोचता येतं, यामागे बऱ्याच लोकांचं आयुष्य खर्ची पडलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉल्डवेल आणि ल्यूक यांनी वरच्या ओठाखाली छेद देऊन, हाड फोडून गालाच्या सायनसमध्ये जाण्याची वाट दाखवली. ती पुढे कित्येक दशकं चालली. मग इंग्लंडमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञानं काचेच्या दांड्यांची भिंगं बनवली आणि चार मिलिमीटर जाडीच्या नळीतून लख्ख चित्र दिसू लागलं. ती दुर्बीण हातात घेऊन ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं मेसरक्लिंगरनी वर्षानुवर्षं नुसतं निरीक्षण केलं. सायनसमधला शेंबूड सूक्ष्म केसांच्या हालचालीनं नेहमी नैसर्गिक दाराकडेच वाहतो, उताराची पर्वा न करता वरच्या दिशेनंही. तुम्ही खाली दुसरं भोक पाडलंत तरी तो त्याला वळसा घालून मूळ दाराशीच जातो. म्हणून नवं दार पाडायचं नाही, मूळ दार मोकळं करायचं. स्टामबर्गर यांनी हे जगभर शिकवलं आणि अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी 1985 मध्ये या शस्त्रक्रियेला आज रूढ असलेलं नाव दिलं. सायनसमध्ये सरकलेलं दाताचं मूळ आता बहुधा त्याच दारातून काढता येतं. चेहऱ्यावर टाका नाही.

पण दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे किरकोळ ऑपरेशन, हा समज तुमच्या मनातून आजच काढून टाका. बाजूला कागदासारखं पातळ हाड, त्यापलीकडे डोळा. वर चाळणीचं हाड, त्यापलीकडे मेंदू. मागच्या सायनसच्या भिंतीत दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी रोहिणी. केरोस यांनी 1962 मध्ये दाखवून दिलं की चाळणीच्या हाडाची खोली माणसागणिक बदलते, कुणात तीन मिलिमीटरपेक्षा कमी, तर कुणात आठपेक्षा जास्त. एकाच माणसाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. म्हणून सीटी स्कॅन स्वतः पाहायचा, रिपोर्टवर विसंबायचं नाही. अपघातात घुसलेली लाकडाची ढलपी सीटीवर हवेसारखी काळी दिसते आणि सहज नजरेतून सुटते. धातूचा तुकडा असण्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नाही, चुंबक तो आत हलवेल. 2021 च्या उन्हाळ्यात इंदूरच्या एमवाय रुग्णालयाचे वॉर्ड म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे नाक-सायनसमधल्या काळ्या बुरशीच्या, रुग्णांनी भरले होते. अॅम्फोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. मेलेल्या ऊती दुर्बिणीनं काढताना, जिवंत आणि मृत यांची सीमा कुठे हे त्या दिवसांत अनेक तरुण डॉक्टर फार थोड्या वेळात शिकले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

भोजाच्या गोष्टीतल्या त्या दोघांनी काढलेली वस्तू राजाला दाखवली, कारण सांगितलं, पथ्य दिलं. हे तिन्ही करा. गार पाण्याचं पथ्य सोडलं, तरी नाकात जाणाऱ्या पाण्याबद्दलची सावधगिरी आजही लागू पडते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात जलनेतीसाठी, म्हणजे नाक धुण्यासाठी, नळाचं पाणी वापरणारे दोन जण दगावले. पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा त्यांच्या नाकातून मेंदूत शिरला होता. माशाला बंद असलेली चाळणीची भोकं अमीबाला मोकळी असतात. केरळात अलीकडे याच आजारानं माणसं गेली आहेत. तुमच्याकडे कुणी जलनेती करत असेल तर हसू नका, रागावूही नका. पाणी उकळून कोमट केलेलंच वापरायचं, एवढं स्पष्ट सांगा. साचलेल्या तळ्यात सूर मारणाऱ्या पोरांनाही नाक मिटायला सांगा.

तुमच्यातले बरेच जण आता ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जातील. तिथं दुर्बीण नसेल. डोक्याला लावायचा दिवा आणि नाक उघडून बघायचा चिमटा मिळवा आणि प्रत्येक नाकात पाहा. दाणा दिसला तर पाणी घालू नका, तो फुगतो. गुळगुळीत मणी सरळ चिमट्यानं पकडायला जाऊ नका, तो मागे घशाकडे सरकतो आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. वाकड्या टोकाच्या हुकानं मागून पुढे ओढा, आणि मूल धरून ठेवता येत नसेल तर हात लावू नका. खेळण्यातला किंवा घड्याळातला बटन सेल असेल तर थेंब घालू नका, सकाळची वाट पाहू नका. नाकाच्या ओल्या अस्तरात त्यातून वीज वाहते, दाहक अल्कली तयार होते आणि काही तासांत नाकाचा पडदा जळू लागतो. त्याच रात्री गाडी करून पाठवा. चिठ्ठीवर फक्त ‘पुढील उपचारासाठी’ असं लिहू नका. कोणती बाजू, कोणती वस्तू, केव्हा गेली, तुम्ही काय प्रयत्न केले आणि मुलानं शेवटचं कधी खाल्लं, एवढं लिहा, आणि निघायच्या आधी पुढच्या रुग्णालयाला फोन करा, म्हणजे मूल पोचेपर्यंत भूलतज्ज्ञ तयार असतील.