गंज पेठेंतील एक घर



आपलीं माणसें खेड्यांतून पुण्यास येतात, शनिवारवाड्याचे बुरूज पाहतात आणि परत जातात. आज आम्ही ज्या घराची हकीकत सांगणार, त्यास ना बुरूज ना नगारखाना. गंज पेठेंतील एका माळ्याचें तें घर. तेथें जोतीराव व सावित्रीबाई फुले नांदलीं.

मुलींस व अतिशूद्रांस शिकवितात म्हणून १८४९ सालीं या जोडप्यास वडिलांचें घर सोडावें लागलें. तेव्हां उस्मान शेख या मुसलमान गृहस्थानें त्यांस आपल्या घरीं आसरा दिला. दार लागलें म्हणजे काय होतें, हें दोघांनीं सोसलें होतें. म्हणूनच पुढें त्यांच्या स्वतःच्या घराचें दार कोणास लागलें नाहीं. १८५६ सालीं मारेकरी आले, तेही त्यांचेच होऊन राहिले, असें सांगतात. त्यांतला एक धोंडीराम कुंभार. तो पुढें शिकून पंडित झाला.

त्या काळीं ब्राह्मण विधवेस पुनर्विवाह नव्हता. कोणी फसविली तर तिनें एक तर विहीर जवळ करावी, नाहीं तर पोटच्या पोराचा गळा दाबून काळ्या पाण्यावर जावें. फसविणारा मात्र सोंवळ्यांत! १८६३ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. ज्यांनीं यांस शिव्याशाप दिले, त्यांच्याच लेकीबाळींचीं बाळंतपणें सावित्रीबाईंनीं केलीं. काशीबाई नांवाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. १८६८ सालीं त्यांनीं घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला.

१८८८ सालीं जोतीरावांचें उजवें अंग लुळें पडलें. शेवटचा ग्रंथ त्यांनीं डाव्या हातानें लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. मिठांत पुरावें म्हणून घराजवळ खड्डा तयार होता, पण म्युनिसिपालिटीनें परवानगी नाकारली. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंद तंटा करूं लागले, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरलें. अस्थि त्या घरींच ठेविल्या. पुढें प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाईही गेल्या.

यशवंतांच्या मागें तें घर कुटुंबाच्या हातीं राहिलें नाहीं. ज्यांनीं सर्वांस थारा दिला, त्यांच्या घरास थारा देण्यास आपला समाज वेळेवर उभा राहिला नाहीं, ही लाजेची गोष्ट आहे. १९७२ सालीं सरकारनें तें संरक्षित स्मारक ठरविलें, हें चांगलें झालें. पण सरकार भिंती राखील. त्या घरची रीत कोण राखणार?

माळी, कुणबी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंनो, आपण जोतीबांचें नांव घेतों. आपल्या आडावर सर्वांचा पोहरा चालतो काय? ओसरीवर आलेल्या दलितास आपण घरच्याच कपांत चहा देतों काय? घरच्या विधवेस जमिनींत वांटा देतों, कीं अंगठा घेऊन हक्क सोडवितों? फसलेल्या पोरीस माहेरीं घेतों, कीं अब्रूच्या नांवाखालीं मारतों?

तो हौद आजही तेथें आहे. २८ नोव्हेंबरास हार घेऊन जाल, तेव्हां त्याच्या कांठाशीं उभे राहा आणि आपल्या घरचें दार कोणाकोणास लागलेलें आहे, तें मनाशीं मोजा. मग घरीं जाऊन त्यांतलें एक तरी उघडा. तोच जोतीबांस खरा हार.