खिदमत नेमकी कोण करतं?

दोस्तांनो, वृद्धाश्रमाचं नाव काढलं की आपल्या मोहल्ल्यात 'तौबा तौबा' सुरू होतं. आमची दादी लकवा मारल्यामुळे तीन वर्षं अंथरुणावर होती. लोक म्हणायचे, "मुलगा असावा तर असा, आईची काय खिदमत करतो!" अब्बा सकाळी दुकानात जायचे, रात्री यायचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी दादीची कूस बदलायची अम्मी. रात्रीसुद्धा. तिची कंबर गेली ती तेव्हाच.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचं नाव त्यात नाही. घरात मात्र पहिलं नाव तिचंच! याच कायद्याचं कलम १९ वाचा. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम शासन उभारू 'शकेल', असं त्यात आहे. उभारलाच पाहिजे, असं नाही.

कूस बदलणारी प्रशिक्षित माणसं असलेली, वजूला मदत करणारी जागा आपल्या जिल्ह्यात मागितली, तर त्यात बेइज्जती कसली? आणि घरीच सांभाळायचं ठरलं, तर पोरांनो, रात्री दोनचा गजर तुमच्या मोबाईलवर लावा.