पडद्याचा कपडा



मी सातवीत असताना, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला आणि माझी शाळा संपली. अशा माणसाने प्रकाश आणि पडदा या विषयावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण आमच्या वस्तीतील काही मुले एका बंद गिरणीच्या भिंतीवर रात्री प्रकाशचित्रांचा खेळ करणार आहेत. ‘काका, चित्रे कोणती दाखवावीत?’ असे ती विचारावयास आली. त्यांना दिलेले उत्तरच आज आपणांपुढे मांडतो.

प्रकाश वाटेने जाताना दिसत नाही; कशावर तरी पडला म्हणजे दिसतो. यंत्र भिंतीपासून दुप्पट लांब नेले, तर चित्र चौपट जागा व्यापते आणि उजेड चौथाईवर येतो. आम्हां पुढाऱ्यांनाही हाच नियम! माणसांपासून लांब गेलो की चित्र मोठे होते, पण फिके पडते.

आता इतिहास पाहा. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला. त्यात पहिले चित्र राजाचे नव्हते, नटीचेही नव्हते. लियाँ येथील त्यांच्याच कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचे ते चित्र होते, आणि त्यांत बायाच पुष्कळ! ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला, तेथेही ते दाखविले गेले. तिकीट एक रुपया. रविवारची सुटी मिळून जेमतेम सहा वर्षे झालेल्या गिरणीकामगाराला ते कोठून परवडणार?

ते चित्र मिनिटभराचेही नाही. दार उघडते, माणसे बाहेर पडतात, संपले. कॅमेरा मालकाचा, आणि तो दाराबाहेर उभा. आत दिवसभर काय चालले, हे त्यात नाही.

लहानपणी गणेशोत्सवात गल्लीत पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवीत. पुढे जागा नसली की आम्ही पोरे पडद्यामागे बसत असू. तेथून अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा दिसे. एकदा वडिलांनी त्या कपड्याची किनार चाचपली आणि म्हणाले, ‘हा माल आमच्या गिरणीचा.’ सारी गल्ली नायकाकडे पाहत होती. वडील पडद्याकडे पाहत होते. संपानंतर ते पुन्हा मागावर गेले नाहीत.

म्हणून मुलांना मी सांगितले : बाबांनो, चित्र दाराशी थांबवू नका. मागावरच्या, वाइंडिंगच्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, मग दाखवा. त्यांना यंत्रापुढून चालू द्या. त्यांच्या सावल्या भिंतीवर पडू द्या. आणि भिंत रंगवू नका, तिची काजळी दिसू द्या.

एका वृद्ध बाईने विचारले, ‘दिवा विझल्यावर काय?’ बाई, दिवा विझल्यावर भिंत उरेल आणि घरासाठी अर्ज करून वाट पाहणारी तुमच्यासारखी माणसे उरतील. खेळ पाहून घरी जाताना प्रेक्षकांच्या मनात त्यांचा प्रश्न उरला, तर मुलांचे श्रम फळाला आले असे मी समजेन.