अण्णांची सही

(वार्षिक सर्वसाधारण सभेत अण्णांच्या स्मरणार्थ केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटे दिली आहेत. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मुदत पाळायची सवय आहे, तरी दोन-चार मिनिटे इकडे-तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

अण्णांना जाऊन आठ महिने झाले. आपल्यापैकी बहुतेकांना ते सोसायटीचे पहिले खजिनदार म्हणून माहीत. मुलांना, दिवसा जिन्यातला दिवा चालू दिसला की ओरडणारे आजोबा म्हणून. मी त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. 1974 साली सांगलीच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा ते तिथे अकाउंटंट होते.

त्या काळी लेजरचे बॅलन्सिंग हाताने करावे लागे. पहिल्याच महिन्यात माझा 27 रुपयांचा फरक आला. रात्रीचे नऊ वाजले, आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले. अण्णा टेबलापाशी आले. "किती?" म्हणाले. मी सांगितले. "नऊने भाग जातोय ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. सत्तावीस म्हणजे नऊ त्रिक. ज्या दोन आकड्यांत तीनचा फरक आहे तेवढेच बघ." पाच मिनिटांत सापडले. 58 च्या जागी मी 85 लिहिले होते. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला कोणी शिकवले नव्हते.

हळदीच्या व्यापाऱ्यांना आम्ही मालाच्या तारणावर कर्ज देत असू. गोडाऊन तपासायला गेलो की मी पुढची पोती मोजून गुणाकार करायचो. अण्णा थप्पीवर चढायचे, आतून पोकळ तर नाही ना ते बघायला. एकदा एक मोठे व्यापारी त्यावरून दुखावले. माल सगळा चोख होता. अण्णा खाली उतरले, अंगावरची पिवळी धूळ झटकली आणि म्हणाले, "शेठ, राग मानू नका. आता सही करतो."

पुढे बदल्या झाल्या, पण पत्रे चालू राहिली. निवृत्त झाल्यावर त्यांनीच मला या प्लॉटची बातमी दिली. 1999 ची गोष्ट. व्याजदर दोन आकडी, आणि कर्ज म्हटले की आपल्या घरचे म्हातारे लोक हात जोडायचे. आठवते ना? अण्णा इथेच, पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकेकाच्या पगाराची स्लिप बघत आणि हप्ता काढून देत. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की सांगत, "एक खोली कमी घे." आणि मग हमखास हसमुखभाई पारेखांची गोष्ट. आयसीआयसीआयचे अध्यक्षपद भूषवून निवृत्त झालेल्या या माणसाने 1977 साली, वयाच्या 66 व्या वर्षी, एचडीएफसी काढली. त्याआधी नोकरदाराचे घर व्हायचे ते प्रॉव्हिडंट फंडातून नाहीतर बायकोच्या दागिन्यांतून. एलआयसी आणि सहकारी गृहवित्त संस्था सोडल्या तर फारसे दार नव्हते. "म्हातारपणी लोक काशीला जातात, यांनी आपल्याला घरे दिली," असे अण्णा म्हणत. स्वतः त्यांनी मात्र एका पैशाचे कर्ज न घेता फ्लॅट घेतला, हेही सांगितले पाहिजे!

आता ज्यासाठी मी मुद्दाम वेळ मागून घेतला ते सांगतो.

2003 च्या सभेत मी सुचवले की सिंकिंग फंड एका पतसंस्थेत ठेवावा. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते. अण्णांनी सहकार कायद्याचे कलम 70 वाचून दाखवले आणि विचारले, "यात हे कुठे बसते ते दाखवा." शिवाय पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो, हेही सांगितले. मला ते माहीत नव्हते असे नाही. मी बँकेतला माणूस! पण भर सभेत खोडून काढल्याचा राग आला आणि मी म्हणालो, "अण्णा अजून 74 सालच्या लेजरमध्येच बसलेत." लोक हसले. अण्णांनी चष्मा काढून घडी केला. "ठराव खुशाल करा. चेकवर माझी सही मिळणार नाही." विषय तिथेच बारगळला.

वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. हट्टाने स्वतःचे दोन लाख त्याच पतसंस्थेत ठेवले. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले होते. लग्नाला दोन महिने उरले असताना पतसंस्थेचे शटर खाली आले.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात अण्णा, हातात रिकामी फाईल. "पावत्या काढ. तीन-तीन झेरॉक्स कर. उद्या उपनिबंधकांकडे जायचंय." 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्या दिवशी नाहीत, नंतर कधीही नाहीत. आठवड्याने स्वतःची मुदतठेव मोडून दोन लाख आणून दिले. मी रडायला लागलो तर म्हणाले, "रडू नको, सही कर." रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली वचनचिठ्ठी तयार होती. व्याज त्यांच्या ठेवीला मिळत होते तेवढेच, वर ठेव मुदतीआधी मोडल्याचा दंड! एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी चिठ्ठीवर दोन रेघा मारून त्यांनी ती मला परत केली. ती माझ्या कपाटात आहे.

पतसंस्थेचे पैसे पुढे तुकड्यातुकड्यांनी आले, तेही निम्मे. सोसायटीचा फंड मात्र शाबूत होता. बाहेरचे प्लास्टर काढले तेव्हा त्यातलाच पैसा वापरला.

परवा हे भाषण लिहायला बसलो तेव्हा 2003 चे इतिवृत्त काढून पाहिले. माझे ते वाक्य त्यात नाही. तेव्हाच्या सेक्रेटरींना विचारले. ते म्हणाले, "मी लिहिले होते. अण्णांनीच काढायला लावले. म्हणाले, त्याच्या मुलांच्या वाचनात यायला नको."

मी त्यांची माफी कधी मागितली नाही. रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जात होतो, वीस वर्षे. राहून गेले.

सेक्रेटरी साहेब, माझी एक विनंती आहे. 2003 साली मी अण्णांना काय बोललो आणि ते चुकीचे होते, हे आजच्या इतिवृत्तात माझ्या नावासह लिहून घ्यावे. सही मी करतो.