तालीम आणि तिची फी

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त हिमायतनगर येथे सभासद-कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्हांस नेमून दिलेला विषय तसा घरगुती आहे. पर्सनल ट्रेनर, म्हणजे आपल्या एकट्यापुरता पैसे देऊन ठेवलेला व्यायामशिक्षक, ठेवावा काय, आणि ठेवल्यास ते पैसे कारणी लागतात काय? आपल्या हिमायतनगरच्या मोठ्या रस्त्याने चालत निघावे, तर दुकानांच्या डोक्यावर, कोठे दुसऱ्या तर कोठे तिसऱ्या मजल्यावर, जिमच्या पाट्या दिसतात. आणि मुलाच्या शिकवणीच्या फीशेजारी वडिलांच्या ट्रेनरची फी महिन्याच्या हिशेबात मांडणारी घरे आपल्यातही थोडकी नाहीत.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत तालीम म्हणजे आखाडा. त्याच शब्दाचा अर्थ उर्दूत शिक्षण. मूळ अरबी शब्द एकच. कोल्हापुराकडे गेला तेव्हा त्याने लंगोट कसला, आणि आमच्या हैदराबादेत राहिला तो पाटी-दप्तर घेऊन. 'वस्ताद' हाही आपला 'उस्ताद'च. आम्ही पडलो शाळामास्तर. तेव्हा ट्रेनरकडे आम्ही शिक्षक म्हणूनच पाहतो, आणि शिक्षकाला लावावयाची कसोटी त्यालाही लावतो: याच्या हाताखालून निघालेला विद्यार्थी पुढे आपल्या पायांनी चालतो काय?

जुन्या तालमीत वस्तादाची फी तासावर नव्हती. हौद्यातली माती खणणे, तीत ताक, तेल, हळद मिसळणे ही कामे पठ्ठ्यांनीच करावयाची, आणि वस्तादाने जोर-बैठका मोजून घ्यावयाच्या. खरा खर्च होता खुराकाचा. दूध, तूप, बदाम यांनी बापाचे दिवाळे निघे. म्हणून तर पैलवान पोसावयाला संस्थानिक लागत. मात्र त्या काळाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या हौद्यात आपल्या आयाबहिणींना पाऊल टाकावयास मज्जाव होता, हे विसरून चालणार नाही.

एक दंतकथा आमच्या शहराशी संबंधित आहे म्हणून सांगतो. निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन गेले. ते स्वीकारले बाळंभटदादा देवधरांनी. पण जोडीला मल्ल कोठून आणावा? त्यांनी लाकडी खांबच प्रतिस्पर्धी मानला, त्यावर पकडी बसविल्या, आणि मल्लखांब जन्मास आला असे सांगतात. गरिबाला परवडणारा ट्रेनर म्हणावयाचा तर तो खांबच; फी नाही, आणि खाडेही नाहीत!

परंतु खांब चूक दाखवीत नाही. येथे माणूस लागतो. खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल मॅटवरच्या कुस्तीला आणि तिच्या नियमांना सरावलेला नव्हता. तेथे रीस गार्डनर या परदेशी मल्लाकडून त्यांना थोडके दिवस शिकवण मिळाली आणि ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. योग्य वेळी, नेमक्या उणिवेसाठी थोडकीच शिकवण मिळाली तरी ती किती उपयोगी पडते, हे त्यात दिसते.

दुसरे उदाहरण येथून हाकेच्या अंतरावरचे. काचीगुड्याच्या शाळेत शिकविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पुढे हैदराबाद सिटी पोलिसांच्या आणि भारताच्या फुटबॉल संघाचे शिक्षक झाले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सिटी पोलिसांनी रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदके मिळाली, ती रहीमसाहेबांच्या शिकवणीखाली. १९६२ साली जकार्त्यात जर्नेलसिंग हा बचावफळीचा खेळाडू डोक्याला जखम झालेला असता त्याला त्यांनी आघाडीला खेळविले, आणि अंतिम सामन्यातील दोन गोलांपैकी एक त्याने केला. कोणाच्या अंगात काय आहे हे ज्याला दिसते तो शिक्षक. आणि एक लक्षात घ्या, रहीमसाहेब कोणा एकट्याचे पर्सनल ट्रेनर नव्हते. एकाच मास्तराच्या नजरेत अख्खा वर्ग मावला होता.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याला पदक नको; जिना चढताना धाप लागू नये, साखर ताब्यात राहावी, म्हातारपणी जमिनीवरून आपले आपण उठता यावे, एवढेच हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले माप असे: आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही. पैकी दीडशे मिनिटे इंदिरा पार्कात झपझप चालून होतात. त्यासाठी कोणी शेजारून चालावे म्हणून पैसे मोजणे आम्हांस पटत नाही. गाडे अडते ते वजनांपाशी. किती उचलावे, केव्हा वाढवावे, कंबर कोठे वाकते आहे, हे स्वतःचे स्वतःला दिसत नाही. अमेरिकेतील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे दोन गटांना एकच कार्यक्रम दिला होता. ज्यांच्याजवळ शिक्षक उभा होता त्यांची ताकद अधिक वाढली, कारण त्यांनी वजन अधिक वेगाने वाढविले. एकटा माणूस स्वतःवर फार दया करतो!

हिशेब मांडू. समजा, महिन्यास बारा बैठकींचे आठ हजार रुपये. तीन महिन्यांचे झाले चोवीस हजार. एवढ्यात सात-आठ मूलभूत हालचाली बिनचूक शिकून, वहीत टिपून माणूस मोकळा होत असेल, तर आम्ही तो खर्च शिक्षणखाती घालू. पण वर्ष उलटले तरी ट्रेनर आला नाही म्हणून व्यायाम बुडत असेल, तर ती आठ वर्षे शिकवणी लावूनही पाढे न येणाऱ्या मुलाची गत झाली.

ज्या बायकांना पुरुषांच्या गर्दीत जिमला जाणे रुचत नाही, त्यांनी घरी शिक्षिका बोलावली तर तो खर्च आम्ही चैनीचा मानणार नाही. मात्र हृदयविकार असणाऱ्यांनी, इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गरज फिजिओथेरपिस्टची असते, ट्रेनरची नव्हे. जो पहिल्याच आठवड्यात डब्यातली पावडर किंवा सुई पुढे करतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. तो शिक्षक नसून दुकानदार आहे. आणि पैसे भरण्याआधी खाड्यांचे काय ते लिहून घ्यावे. आमच्याकडे रमजानात दिवसभराच्या रोज्यात वजने उचलणे जमत नाही, तुमच्याकडे लग्नसराई असते. महिनाभराची फी मात्र दोघांचीही सारखीच जाते.

ज्यांना एकट्याने हा खर्च झेपत नाही त्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो या संस्थेचा आहे. आमची सूचना अशी की, चार-सहा घरांनी मिळून एक शिक्षक ठेवावा, आणि संस्थेने सकाळी सहा ते आठ सभागृह विनामूल्य द्यावे: पहिला तास स्त्रियांचा, शिक्षिकेसह, दुसरा पुरुषांचा. साठीपुढच्यांची फी संस्थेने भरावी. तीन महिन्यांनी शिक्षक बदलू नये, विद्यार्थी बदलावेत. सामानास फारसा खर्च नाही. हात न टेकता उठण्या-बसण्याच्या सरावासाठी आपण बसला आहात त्याच खुर्च्या चालतील. फक्त ज्यांचे पाय डगमगतात त्या आधी सुताराकडे धाडाव्यात.