मऊ प्रवाळांची छोटी टाकी

लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप हे खरे मऊ प्रवाळ. झोअँथिड आणि मशरूम शास्त्राप्रमाणे वेगळ्या गटातले, पण घरच्या टाकीत त्यांनाही याच पंगतीत बसवतात. सगळे तसे सोशिक असतात. पाण्याचा खारटपणा रोज वर-खाली झाला, तर मात्र ते मिटून बसतात. टाकी घेताना काच, स्टँड आणि किंमत पाहिली जाते. पाण्याची खोली कोणी पाहत नाही, आणि पाहायची असते ती तीच.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतून उडून जाते ते नुसते पाणी. मीठ मागे राहते. गॅसवर राहिलेली आमटी आटली की खारट होते, तसेच हे. पसरट भांड्यातली आमटी लवकर आटते, उभट पातेल्यातली सावकाश. टाकीत २५ सेंटिमीटर पाणी असेल आणि पातळी एकच सेंटिमीटर उतरली, तर चार टक्के पाणी गेले आणि ३५ चे जवळजवळ साडेछत्तीस झाले. म्हणून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशी, काठोकाठ ६५ लिटरची टाकी ही ‘छोटी’ची खालची मर्यादा धरावी. दगड-वाळू घातल्यावर तीत ५० लिटरच्या आसपास पाणी राहते. टेबलावरची दहा लिटरची टाकी नवशिक्याने घेऊ नये. तिथे चिमूटभर जास्त पडलेले खाद्यही पाणी नासवते.

दगड कृत्रिम, सच्छिद्र घ्यावेत. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यांच्या मेलेल्या सांगाड्यांनासुद्धा. म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा टाकीत घालणे हा गुन्हा आहे.

आता दिवा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. त्याला निळा प्रकाश, साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरचा, विशेष मानवतो. याच प्रकाशात प्रवाळातली प्रथिने हिरवी-केशरी चमकतात. पण चमक दिसली म्हणजे प्रकाश पुरेसा झाला, असे नाही. दिवा वॉटवरून किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावरून न घेता त्याच्या ‘पार’ (PAR, म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश) या मापावरून घ्यावा. मशरूम आणि झोअँथिडना ५० ते १०० पार पुरते, लेदरला दीडशेपर्यंत. ३६ सेंटिमीटरच्या टाकीला मध्यम एलईडी भरपूर होतो. तो तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि टायमर लावून रोज आठ ते दहा तास ठेवावा. प्रकाश कमी पडला की झोअँथिडचे देठ लांबतात. जास्त झाला की मशरूम आक्रसतात, रंग फिका पडतो.

पाणी २४ ते २७ अंशांत राहावे. मे महिन्यात त्यासाठी पृष्ठभागावर पंखा सोडतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो चांगला गारवा देतो, कोकणच्या दमट हवेत कमी. पण गारवा येतो तो पाणी उडवूनच, म्हणजे आमटीखालचा गॅस मोठा केल्यासारखेच झाले. म्हणून इथेही खारटपणाच सांभाळायचा: काचेवर मार्करने रेघ ओढावी आणि पाणी रेघेखाली गेले की रोज त्याच वेळी आरओचे गोडे पाणी घालावे. खारे पाणी घालू नये. आटलेल्या आमटीत कोणी आणखी मीठ घालत नाही, आणि आठवडाभर आटू देऊन मग एकदम तांब्याभर पाणीही ओतत नाही. रोज थोडे, बस. एवढेही होत नसेल, तर प्रवाळ आणूच नयेत.

फिल्टर आणि प्रवाह हा स्वतंत्र विषय आहे. इथे एवढेच, की पॉलिप डोलावेत, झोडपले जाऊ नयेत.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया भराभर पसरतात, त्यांना वेगळा दगड द्यावा. लेदर पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक द्रव्ये सोडते, त्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. त्यांचा दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि तो दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये.