बचावाचा वकील आणि वृत्तपत्रें

एखाद्या गाजलेल्या खटल्याच्या दिवशीं न्यायालयाच्या पायऱ्यांवर जें दृश्य दिसतें, तें सुशिक्षित कुटुंबांना आतां चांगलें परिचयाचें झालें आहे. वार्ताहरांचा घोळका, छायाचित्रकारांची रेटारेटी आणि त्या गर्दींत काळा डगला घातलेला बचावाचा वकील. त्याला चोहोंकडून एकच प्रश्न विचारला जातो, 'तुमचा अशील खरोखर निर्दोष आहे काय ?' त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं घरोघर चहाबरोबर वाचलें जातें, आणि पुष्कळ घरांत त्यावर शेरा पडतो, 'पैसे घेतले आहेत, दुसरें काय बोलणार !' हा शेरा जितका स्वाभाविक, तितकाच उथळ आहे. वकिलानें न्यायालयाबाहेर बोलावें कीं नाहीं, आणि बोलावें तर कोठवर, हा प्रश्न केवळ वकिलांच्या शिष्टाचाराचा नाहीं. एका मनुष्याचें स्वातंत्र्य आणि त्याची अब्रू यांचा तो प्रश्न आहे.

फौजदारी खटल्यांत पहिला शब्द नेहमीं सरकारपक्षाचा असतो. अटक पोलीस करतात, तिची हकीकत पोलीसच सांगतात, जप्त केलेल्या वस्तु मेजावर मांडून तेच दाखवितात. आरोपी त्या वेळीं कोठडींत असतो. त्यानें स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कायदा करीत नाहीं, आणि शहाणा वकील त्याला गप्प बसण्याचाच सल्ला देतो. परंतु कायद्यानें दिलेलें हें मौन बाजारांत अपराधाची कबुली ठरतें. न्यायालयाच्या चार भिंतींच्या आंत मनुष्य गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष मानला जातो, आणि त्याच वेळीं भिंतींबाहेर तो आधींच दोषी ठरून गेलेला असतो. ज्या ठिकाणीं निकाल देणारे ज्यूरीचे पंच याच बाजारांतून निवडून आणावयाचे असतात, तेथें ही विसंगति प्राणघातक होते.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत याचें ठळक उदाहरण घडलें. ता. ४ जुलै १९५४ रोजीं क्लीव्हलँडजवळच्या एका उपनगरांत डॉक्टर सॅम शेपर्ड यांच्या पत्नीचा खून झाला. संशय पतीवर आला. शहरांतील एका मोठ्या दैनिकानें ता. ३० जुलै रोजीं पहिल्या पानावर, शेपर्ड अजून तुरुंगांत कां नाहीं, अशा अर्थाचा मथळा घालून अग्रलेख छापला, आणि त्याच रात्रीं डॉक्टरांना अटक झाली. ज्यूरीसाठीं बोलाविलेल्या लोकांचीं नांवें व पत्ते वृत्तपत्रांनीं छापले. खटला चालविणारे न्यायाधीश स्वतः निवडणुकीला उभे होते, आणि मतदान तोंडावर आलें होतें. न्यायालयांत वार्ताहरांचें मेज वकिलांच्या इतकें जवळ मांडलें होतें कीं, वकिलाला अशिलाशीं दोन शब्द खाजगी बोलावयाचे झाल्यास दालनाबाहेर जावें लागे. अशा गोंगाटांत ज्यूरीनें त्यांना दोषी ठरविलें आणि जन्मठेपेची शिक्षा झाली.

पुढें एफ्. ली बेली या तरुण वकिलानें हें प्रकरण हातीं घेऊन तें सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. ता. ६ जून १९६६ रोजीं त्या न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें निर्णय दिला कीं, या आरोपीला निःपक्षपाती न्याय मिळालाच नव्हता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दुसरी सुनावणी होऊन डॉक्टर शेपर्ड दोषमुक्त झाले. परंतु तोंवर त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ दहा वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. वृत्तपत्रांनीं तो मथळा पुसून टाकला असता तरी तीं वर्षें परत येणारीं नव्हतीं.

हा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे लास व्हेगास शहरांतील डॉमिनिक जेंटाइल या वकिलाचें कृत्य नीट समजतें. सन १९८७ च्या जानेवारींत तेथील पोलिसांच्या एका गुप्त मोहिमेसाठीं एका खाजगी तिजोरीघरांत ठेवलेलें कोकेन आणि प्रवासी धनादेश नाहींसे झाले. धनादेशांची रक्कम जवळजवळ तीन लक्ष डॉलर होती. संशय दोन ठिकाणीं होता. एक तिजोरीघराच्या मालकावर, आणि दुसरा ज्यांना त्या खणापर्यंत मोकळी वाट होती त्या पोलिसांवर. वर्षभर वृत्तपत्रांतून ही चर्चा चालली. पोलीस निर्दोष असल्याचें त्यांच्या वरिष्ठांनीं जाहीर केलें. राहिला मालक. त्याचें गिऱ्हाईक तुटूं लागलें व प्रकृति ढांसळूं लागली.

ता. ५ फेब्रुवारी १९८८ रोजीं मालकावर आरोप ठेवण्यांत आला, आणि कांहीं तासांतच त्याच्या वकिलानें पत्रकार बोलाविले. जेंटाइल यांनीं अशी सभा यापूर्वीं कधीं घेतली नव्हती. आदल्या रात्रीं त्यांनीं वकिलांच्या आचारनियमांचा कित्येक तास अभ्यास केला होता. त्यांनीं थोडक्यांत सांगितलें कीं, आपला अशील निरपराध आहे, पुराव्याचा रोख एका पोलीस अधिकाऱ्याकडे वळतो, आणि अशिलाला बळीचा बकरा केलें जात आहे. तपशिलाचे पुष्कळ प्रश्न विचारले गेले, तेव्हां नियमांकडे बोट दाखवून त्यांनीं उत्तर देण्याचें नाकारलें.

सहा महिन्यांनीं खटला चालला. ज्यूरी निवडतांना चौकशी केली असतां एकाही पंचाला ती पत्रकार-सभा आठवत नव्हती. सभेंत सांगितलेला महत्त्वाचा मजकूर रीतसर पुराव्यांत दाखल झाला, आणि मालक सर्व आरोपांतून सुटला. इतकें होऊनही राज्याच्या वकीलसंघानें जेंटाइल यांच्यावर कारवाई केली व त्यांना ठपका दिला. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. सन १९९१ च्या जूनमध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं तो ठपका रद्द झाला.

या निकालाला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत. ज्या बोलण्यानें सुनावणीला भरीव बाध येण्याचा बळकट संभव आहे, असें बोलणें वकिलाला बंद करतां येतें, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु बचावाचें सामान्य स्वरूप सांगण्याची मुभा एका हातानें द्यावयाची आणि दुसऱ्या हातानें त्याबद्दलच शिक्षा करावयाची, असा संदिग्ध नियम टिकणार नाहीं, असेंही त्यानें ठरविलें. यानंतर सन १९९४ मध्यें अमेरिकन वकीलसंघानें आपल्या आदर्श नियमांत बदल करून असें घातलें कीं, दुसऱ्यांनीं केलेल्या प्रसिद्धीनें अशिलाची हानि होत असेल, तर ती निवारण्यापुरतें वकिलानें बोलावें. 'पुरतें' या लहानशा शब्दांतच सारें मर्म सांठविलेलें आहे.

मर्यादा येथेंच सांपडते. आरोप कोणत्या कलमाखालीं आहे, तो शाबीत करण्याचें ओझें कोणावर आहे, जामीन मिळणें म्हणजे सुटका नव्हे आणि आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे, हें सांगणें ही लोकसेवा आहे. आरोपी आरोप नाकारतो, हें सांगणें वकिलाचें कर्तव्यच आहे. परंतु साक्षीदाराच्या चारित्र्यावर चिखल उडविणें, न्यायालयांत येऊं शकणार नाहीं असा पुरावा बाहेर वाटणें, किंवा अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून उघड करणें, हें बोलणें न्यायाला बाधक आहे. पहिल्या प्रकारच्या बोलण्यानें ऐकणाऱ्याचे कान स्वच्छ होतात, दुसऱ्यानें त्याच कानांत नवा मळ भरतो.

मळ केवळ आरोपीच्या विरुद्धच भरतो असेंही नाहीं. मुंबईच्या नानावटी खटल्याची आठवण महाराष्ट्रांतील घरांतून अजून बुजलेली नाहीं. सन १९५९ च्या एप्रिलांत नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांनीं प्रेम अहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकानें नानावटींची बाजू हिरिरीनें उचलली, आणि लोकमत त्यांच्याकडे लोटलें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांना निर्दोष ठरविलें. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाहीं. त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें, तेथें जन्मठेप झाली, आणि सन १९६१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. त्या गदारोळांत एक पक्ष अगदींच मुका होता, तो म्हणजे मृत मनुष्याचा.

भारतांत आतां सामान्य फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाहीं. न्यायाधीश शिकलेले व सवयीचे असतात, म्हणून वृत्तपत्रांचा उपद्रव संपला, असें कोणी म्हणेल. परंतु साक्षीदार याच समाजांत राहतात, आरोपीचीं मुलें याच शाळांत जातात, आणि सुटून आलेल्या मनुष्याला याच गल्लींत पुन्हां भाड्यानें घर पाहावें लागतें. निर्दोष सुटल्याची बातमी अटकेच्या बातमीइतक्या मोठ्या अक्षरांत क्वचितच छापली जाते.

येथील वकिलांवरचे निर्बंधही कडक आहेत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणें, स्वतः चालवीत असलेल्या खटल्यांविषयीं वृत्तपत्रांत मजकूर पुरवून किंवा छायाचित्रें छापवून वकिलानें आपली जाहिरात करूं नये. हा नियम योग्यच आहे, कारण अशिलाच्या संकटावर आपली कीर्ति उभारणारा वकील बचावाच्या नांवाखालीं व्यापार करतो. परंतु केवळ एकाच बाजूचें तोंड बांधून न्याय होत नाहीं. सन २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, पोलिसांनीं वार्ताहरांना काय व किती सांगावें याविषयीं नियमावली तयार करण्याचा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाला दिला, तो याच विचारानें. पहिला बोलणारा जपून बोलला, तर दुसऱ्याला ओरडावें लागत नाहीं.

तरीही शेवटची जबाबदारी वाचकाची आणि श्रोत्याची उरते. बचावाचा वकील बोलतो तेव्हां तो आपल्या अशिलाच्या निर्दोषपणाची साक्ष देत नसतो. तसा त्याला अधिकारही नाहीं. सरकारपक्षानें आपलें म्हणणें अद्याप सिद्ध केलेलें नाहीं, एवढीच आठवण तो करून देत असतो. 'पैसे घेतले आहेत, दुसरें काय बोलणार' असें म्हणणाऱ्या गृहस्थानें क्षणभर अशी कल्पना करावी कीं, उद्यां पहाटे त्याच्याच दारावर थाप पडली आहे, आणि शेजाऱ्याच्या हातांतल्या वर्तमानपत्रांत त्याचेंच नांव आहे. त्या घटकेला न्यायालयाच्या पायरीवर उभा राहून चार मोजके शब्द बोलणारा मनुष्य त्याला भाडोत्री वाटणार नाहीं.